ती जाणार म्हणे

ठिणगीला भट्टीप्रमुख केलं नाही, हे ठिणगीला सगळ्यात शेवटी कळलं. कपांना कान चिकटवणाऱ्या बायकांना आधी कळलं, पॅकिंगवाल्यांना कळलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तर सकाळी तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिच्या घरी कुणी आजारी असावं. चिनी मातीच्या भांड्यांच्या त्या कारखान्यात बातमी अशीच फिरते. जिची बातमी, तिला वगळून.

ठिणगी हे काही तिचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने मुकादमाला सगळ्यांसमोर खडसावलं होतं. तेव्हापासून हे नाव चिकटलं आणि तिने ते मानाने मिरवलं. भट्टीत भांडी रचायची कशी, कुठला थर कुठे, आच कधी वाढवायची, यात तिची अर्धी उमर गेली होती. म्हातारे भट्टीप्रमुख, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, ते आता निवृत्त होणार होते. वर्षभरापूर्वी त्यांनीच तिला बोलावून सांगितलं होतं, "पोरी, हात मोकळे कर."

ही त्या कारखान्यातली जुनी रीत. ज्याला वर चढायचं असेल त्याने आधी हात मोकळे करायचे. म्हणजे आपलं काम खालच्याला शिकवायचं, आपली हत्यारं त्याला द्यायची, भट्टीजवळचं कपाट रिकामं करून त्याची किल्ली त्याच्या हातात ठेवायची, आणि जादा पाळ्या सोडून प्रमुखाच्या मागे मागे फिरायचं. ठिणगीने हे सगळं मन लावून केलं. तिच्या हाताखाली आला सावकाश. चाळिशीचा, सज्जन, जेवतानाही विचार करून घास उचलणारा. त्याला शिकवताना तिने स्वतःच्या जिभेला जो लगाम घातला, त्याबद्दलच खरं तर तिला बढती मिळायला हवी होती.

आणि बढती मिळाली सावकाशला!

ती तडक जिना चढून मॅनेजरच्या खोलीत गेली.

"बसा ना," मॅनेजर म्हणाले.

"उभीच बरी आहे. सावकाशला का केलंत, साहेब?"

"तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. पण तुम्ही तरी आता किती दिवस आहात?"

मागच्याच महिन्यात डॉक्टर येऊन सगळ्यांची छाती तपासून गेले होते. भट्टीवरच्या माणसाला छातीची धास्ती असतेच. तिने खुर्चीची पाठ धरली. "काय झालंय मला?"

"छे हो, झालं काही नाही! तुम्ही नोकरी सोडणार आहात."

"मी?"

मॅनेजरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. मुख्य कचेरीने नवीन सिस्टीम आणली होती. कोण टिकणार आणि कोण जाणार, हे ती आधीच सांगायची. ठिणगीच्या नावापुढे लाल ठिपका होता.

"जाणाऱ्या माणसाला प्रमुख कसं करायचं, तुम्हीच सांगा."

"पण मी जाणार हे याला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगावं लागत नाही, तेच तर." ते कौतुकाने पडद्याकडे पाहत होते. "वर्षभरात तुम्ही कपाट रिकामं केलंत. जादा पाळ्या बंद केल्यात. आपलं काम दुसऱ्याला शिकवून टाकलंत. जाणारा माणूस याहून वेगळं काय करतो?"

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या गोष्टी तिने वर चढण्यासाठी केल्या, त्याच वाचून या खोक्याने तिला दाराबाहेर काढलं होतं. ती बोलायला गेली, पण रागाने शब्दच फुटेना. असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

घरी मात्र शब्द फुटले. नणंद दोन दिवसांसाठी आली होती. ती देवभोळी. म्हणाली, "वहिनी, जीव जाळून घेऊ नका. देवाला आधीच सगळं ठाऊक असतं. व्हायचं तेच होतं."

सासूबाई पलंगावर पडून ऐकत होत्या. त्या उठून बसल्या.

"असेल ठाऊक," त्या लेकीला म्हणाल्या. "मी घसरून पडणार हेही त्याला ठाऊक होतं. पण म्हणून त्याने आदल्या दिवशी माझी काठी काढून घेतली नाही. पडेपर्यंत चालू दिलं मला. आणि हा तिचा साहेब? ही पडणार म्हणे, असं म्हणतो आणि स्वतःच पाय घालतो मध्ये!"

ठिणगीला हसू आलं. त्या दिवसातलं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी उस्ताद स्वतः गुडघे धरत जिना चढले. हात मोकळे करणं म्हणजे काय, हे त्यांनी मॅनेजरांना असं समजावलं की आवाज खाली मातीच्या हौदापर्यंत ऐकू गेला. मॅनेजर वाईट माणूस नव्हते. "अरेच्चा, ही रीत आम्हाला माहीतच नव्हती," म्हणाले. "हे सगळं सिस्टीममध्ये घालायला सांगतो. चूक असेल तर ती सुधारेल."

तो आठवडा ठिणगीने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. वरची जागा मिळाली नव्हती आणि खालची तिने देऊन टाकली होती. सावकाश शरमून तिला स्वतःचं स्टूल पुढे करायचा आणि ती नको म्हणायची. दिवसभर ती कुणाच्या तरी वाटेत उभी असल्यासारखी उभी राहायची. तरी मनात आशा होती. चूक कळली म्हणजे सुधारणारच ना, माणसंच आहेत शेवटी.

आठवड्याने बोलावणं आलं. मॅनेजर खुशीत होते.

"अभिनंदन! तुमचा ठिपका हिरवा झाला. तुम्ही कुठेही जाणार नाही!"

"ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं," ठिणगी म्हणाली, पण तिच्या अंगावरचं ओझं उतरलं होतं. "मग भट्टी कधीपासून घेऊ?"

मॅनेजरांनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे. सावकाशचा ठिपका आता लाल झालाय. दिलेलं पद काढून घेतलं तर तो जाईल, असं दिसतंय. तुमचं तसं नाही. घर जवळ, सासूबाई म्हाताऱ्या, इतकी वर्षं इथेच. पद मिळो न मिळो, तुम्ही राहणारच. मग पद देऊन धरून ठेवायचं कुणाला? तुम्हीच विचार करा."

ठिणगीने विचार केला. जाणार म्हणून दिलं नाही. राहणार म्हणूनही देत नाहीत. तिच्या निष्ठेचाच यांनी हिशेब लावला होता आणि तो तिच्याच नावावर उलटा मांडला होता. एवढा संताप तिला मुकादमाचाही आला नव्हता.

"मी चालले," ती म्हणाली.

"हो, हो, कामाला लागा."

"काम सोडून चालले, साहेब."

मॅनेजरांनी तिच्याकडे नाही, पडद्याकडे पाहिलं. "असं होणार नाही," ते म्हणाले. आवाजात धमकी नव्हती, खरोखरचं दुखावलेपण होतं. "इथे स्पष्ट आहे. तुम्ही रागात बोलताय."

"रागातच बोलतेय! मी जाणार हे पाच मिनिटांपूर्वी माझं मला माहीत नव्हतं. या डबड्याला कुठून माहीत असणार?"

"थांबा, थांबा. पदाचं मी वर बोलून बघतो..."

"इतके दिवस तुमच्या जिन्याखाली उभी होते मी. एक हाक मारून विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आता त्यालाच विचारा."

ती खाली आली. बाहेर पडायची वाट भट्टीवरूनच जात होती. भट्टी निवत होती, उद्या दार उघडणार होतं, आणि पहिला कप घेऊन टिचकी मारून त्याचा नाद पारखणारा हात तिचा नसणार होता. तिने मान वळवली नाही.

सावकाश हातमोजे काढून आडवा आला. "काय झालं?"

"जातेय मी. कायमची."

त्याने हातमोजे खाली ठेवले. मग म्हणाला, "ताई, तुम्हाला जायचंय का?"

ठिणगी थबकली. या सगळ्या प्रकरणात हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"नाही रे," ती म्हणाली, आणि रडू आवरत फाटकाकडे चालू लागली.