मधलं पांढरं

भवानी पेठेत चन्नप्पाच्या दुकानात मिळत नाही असा झेंडा जगात कुठं फडकतच नाही, असं लोक म्हणायचे, आणि चन्नप्पा ते कधी खोडून काढायचा नाही. भगवे, निळे, हिरवे, बुद्धपौर्णिमेला पंचशीलाचे, ऑगस्ट आणि जानेवारीत तिरंगे, आणि निवडणूक लागली की ज्याचं चिन्ह त्याचं कापड. सगळ्यांचं त्यानं शिवलं. सोलापूरचं ऊन मात्र कुठल्याच रंगाला जुमानत नाही. एका उन्हाळ्यात एका पक्षाचा झेंडा खांबावर विटत विटत दुसऱ्याच पक्षाचा झाला. कार्यकर्त्यांनी मान वर करून बघितलं, एकमेकांकडं बघितलं, आणि निमूट तिकडं निघून गेले. खोटं वाटत असेल तर पेठेत कुणालाही विचारा. तोही खोटंच सांगेल, पण हेच सांगेल.

स्वतःच्या घरावर मात्र तिरंगा सोडून चन्नप्पानं दुसरा झेंडा कधी लावला नाही. शिवणाऱ्यानं कुणाचं व्हायचं नसतं, हा धंद्याचा नियम. झेंडा दिसला की पहिला प्रश्न येतो, 'हा कुणाचा?' आणि त्याचं उत्तर दिलं की अर्धं गिऱ्हाईक तुटतं.

पण त्याच्या गच्चीवर वर्षानुवर्षं कापडं फडकत होती, ती वेगळीच. ती निंगव्वाची.

दुकानाच्या दारातून पत्र्यांवरून बघितलं की वरच्या मजल्यावरच्या घराची गच्ची दिसायची. फोन नव्हते तेव्हा निंगव्वा तिथं काठीला कापड बांधायची. पिवळं म्हणजे जेवण झालंय, ये. लाल म्हणजे पाहुणे आलेत, येताना गोड काहीतरी आण. काळा परकर म्हणजे सकाळचं भांडण मिटलेलं नाही, आज तिकडंच कुठंतरी जेव. परकर फडकला की अख्खा बाजार चन्नप्पाला चहा पाजायचा. पुढं मोबाइल आले, पोरानं आईला एक घेऊनही दिला. निंगव्वा म्हणाली, "ह्याच्यात भाकरीचा वास येतो व्हय?" आणि पिवळं बांधायला गच्चीवर गेली.

पुढं निंगव्वा वारली आणि काठी मोकळी झाली. चन्नप्पा दुपारी सवयीनं दारात यायचा, पत्र्यांवरून बघायचा, आणि आज जेवण नाही असं समजून परत मशीनवर बसायचा. घरी आल्यावर भूक आठवायची. कुणी "ऊटा आतेन?" म्हणून विचारणारं नाही, म्हणून तोच स्वतःला विचारायचा, जेवलास का, आणि तोच खोटं सांगायचा, जेवलो.

पोरगा गुरु पुण्याला नोकरीला. दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी तेच.

"अप्पा, दुकान बंद करा आणि हिकडं या. तिथं कोण येतं तुमच्याकडं?"

"येतात की."

"एकाचं नाव सांगा."

चन्नप्पानं छताकडं बघितलं. छतावर पाल होती. तिला नाव नव्हतं.

"बघा," गुरु म्हणाला. "गड्ड्याची जत्रा होईपर्यंत एक माणूस तुमच्या शेजारी ताटावर बसलेला दाखवा, मी पुण्याचं नाव काढणार नाही. नाहीतर संक्रांतीनंतर टेम्पो घेऊन येतो. मशीनसकट नेतो."

आता कुणीही शहाणा माणूस चार घरी जाऊन म्हणाला असता, या जेवायला. पण चन्नप्पानं जन्मभर लोकांचं म्हणणं कापडावर मांडलेलं, स्वतःचं तोंडानं मागायची त्याला सवय नव्हती. एकदा गल्लीतल्या दिपकला त्यानं म्हणून बघितलं, ये की एकदा वर. दिपक म्हणाला, "येतो की मामा, कधीतरी." हे 'कधीतरी' कुठल्या वारी पडतं, ते चन्नप्पाला त्या वयातही कळलेलं नव्हतं.

मग त्यानं निंगव्वाची पेटी उघडली.

पिवळं वर होतं, लाल त्याच्याखाली. जेवण झालंय, आणि पाहुणे येऊ द्यात. एवढंच सांगायचं होतं. दोन्ही जोडून त्यानं मशीनवर धरलं, आणि पायडल मारायच्या आधीच थांबला. पिवळ्याखाली लाल म्हणजे सीमेपलीकडचा कानडी झेंडा! आधीच घरातलं निम्मं बोलणं कानडी; हा वर चढला की गल्ली म्हणणार, म्हातारा फुटला. धंद्यात यावर सोपा उपाय असतो: दोन रंगांत भांडण होणार असेल तर मधे पांढरं घालायचं. पेटीच्या तळाशी निळ्या काठाचं एक पांढरं कापड सापडलं. निंगव्वा तेही कधीमधी काठीला वाळत घालायची, आंघोळीनंतरचं असेल. चन्नप्पानं ते मधे घातलं. कात्री कुठंच लावली नाही, जसंच्या तसं जोडलं. 'पांढऱ्याला काही अर्थ नाही,' त्यानं स्वतःला बजावलं, 'ते नुसतं भांडण सोडवायला बसलंय.'

झेंडा चढला तसा वारा सुटला, आणि असा सुटला की दोन गल्ल्या पलीकडच्या हॉटेलातले कप बशीतल्या बशीत नाचले.

पहिला आला दिपक, पण खालीच. हातात मोबाइल.

"मामा! काय केलंय हे? तिकडच्या सरकारनं मागं एकदा झेंडा काढला होता, हे बघा. पिवळा, पांढरा, लाल. मधे एक पाखरू सोडलं तर तोच की हो!"

चन्नप्पानं कपाळावर हात मारला. भांडण सोडवायला घातलेल्या पांढऱ्यानंच भांडण पुरं केलं होतं. त्यानं झेंडा उतरवला, उलटा केला, लाल वर आणि पिवळं खाली करून पुन्हा चढवला.

"आता कुणाचा झाला?" त्यानं वरून विचारलं.

दिपकनं मोबाइलमध्ये बराच वेळ शोधलं. "कुणाचाच न्हाय, मामा."

"मग बरोबर हाय. ये वर, भाकरी टाकलीय."

"येतो की, कधीतरी," म्हणत दिपकनं गाडीला किक मारली.

खालच्या मजल्यावरची दानम्मा अंगणात आली, पदर डोक्यावर घेतला आणि झेंड्याला हात जोडले. "मामा, नवस बोललात व्हय? कुठल्या देवाचा?"

"पोटाचा," चन्नप्पा म्हणाला.

तिला तो एखादा जागृत देव वाटला. संध्याकाळी तिनं वर चन्नप्पाकडं जाणाऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दुसऱ्या पायरीवर मात्र पाय ठेवला नाही. देवाच्या जिन्यावर कसा ठेवणार? हळूहळू गल्लीतल्या आणखी बायका यायला लागल्या. सगळ्या पहिल्या पायरीपर्यंत.

मग एक हवालदार आला. त्यानं टोपी सारून वर बघितलं.

"कुठल्या देशाचा?"

"माझ्या."

"लोकसंख्या?"

"एक."

हवालदारानं विचार केला. "मग दंगलीची भीती नाही," म्हणाला आणि गेला.

रोज चन्नप्पा दोन माणसांच्या भाकरी थापायचा. दोन पाट मांडायचा, एक स्वतःचा, एक निंगव्वाचा. एक ताट जेवायचा, दुसऱ्याकडं बघत बसायचा, मग ते कावळ्यांना नेऊन घालायचा. कावळे इतके माजले की भाकरीबरोबर शेंगाचटणी नसली तर काठीवर चोच आपटायचे. झेंडा सगळ्या सोलापूरला दिसत होता. ज्या गावानं इंग्रजांच्या राज्यात नगरपालिकेवर झेंडा चढवला, त्या गावाला एका म्हाताऱ्याचा झेंडा वाचता येईना. नारळ फुटत होते, फोटो निघत होते, आणि जिना तसाच रिकामा. बाजारात तिळगुळाचे ढीग लागायला लागले तसा चन्नप्पानं मशीनला तेल देणं बंद केलं. पुण्याला नेऊन काय शिवायचं तिच्यावर?

एका दुपारी जिना वाजला.

पहिली पायरी, दुसरी, आणि वर. चन्नप्पा भाकरीच्या पिठाच्या हातानं उभा राहिला. दारात मागल्या गल्लीतली मीनाबाई होती. जन्मभर चादरींच्या दशांना गाठी मारून बोटं वाकडी झालेली, नवरा जाऊन बराच काळ लोटलेला. दर बुद्धपौर्णिमेला ती दुकानातून पंचशीलाचा झेंडा न्यायची, तेवढीच ओळख. तिला धाप लागली होती, आणि चन्नप्पाला बघून ती चोरी पकडल्यासारखी दचकली.

"तुमी घरात कसे?" ती म्हणाली.

"घर माझं हाय, मीनाबाई."

"पन पांढरं लागलंय की!"

चन्नप्पाला काही कळेना. मीनाबाई उंबऱ्यावरच टेकली. पदरानं तोंड पुसलं, आणि मग हळूहळू बोलायला लागली.

"निळ्या काठाचं पांढरं लागलं की मी यायची, अन्ना. तुमी दुकानाला गेलात की अक्का लावायची. घरात कोन न्हाय, वर ये. सुरवातीला तुमच्या आईचं भ्या. मी अशी, तुमी असे. म्हातारीनं मला पाट दिला नसता. म्हातारी देवळात अन् तुमी दुकानात, की पांढरं. पुढं म्हातारी गेली, तरी आमची सवय ऱ्हायली. ह्या हितं बसायचो. ती भाकरी करायची, मी कालवन आनायची. लई हसायचो."

"कशाला हसायचा?"

"तुमालाच. आनि कुनाला?"

चन्नप्पा खाली बसला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपण दुकानात गेलो की निंगव्वा दिवसभर एकटी. म्हणून तो पिवळं दिसलं की धावत घरी यायचा. आणि इकडं त्याची पाठ वळली की हिची मैफल बसत होती. साऱ्या पेठेचे झेंडे त्यानं वाचले, पण घरातला सगळ्यात साधा, बिनरंगाचा, तो आंघोळीचं कापड समजून सोडून दिला.

"अक्का न्हाय, हे ठावं हाय मला," मीनाबाई म्हणाली. "लई दिवस आमच्या गच्चीवरनं बघतेय ते पांढरं. मन म्हनायचं, काय खुळी झालीस? आज पायच उठले." तिनं निंगव्वाच्या मांडलेल्या पाटाकडं बघितलं आणि उठली. "जाते. तुमी घरात हाय. बरं दिसत न्हाय."

"जेवून जा की."

"नगं, अन्ना."

ती गेली. चन्नप्पा कान देऊन पायऱ्या उतरल्याचा आवाज ऐकत बसला, शेवटच्या पायरीपर्यंत. त्या दिवशी कावळ्यांना दोन्ही ताटं मिळाली.

संध्याकाळी गुरुचा फोन आला. टेम्पो ठरवलाय म्हणाला. चन्नप्पा बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं झेंडा उतरवला आणि उसवायला बसला. आपलीच शिलाई, बारीक आणि दुहेरी. टाके सुटता सुटेनात. लाल बाजूला ठेवलं, पिवळं बाजूला ठेवलं. एकटं पांढरं काठीला बांधलं आणि चुलीपाशी जाऊन मधला पडदा ओढून घेतला. बाहेर निंगव्वाच्या पाटासमोर पाहुणीचा एक पाट मांडला होता, स्वतःचा नाही.

दुपारी जिना वाजला. पावलं दाराशी थांबली.

"घरात कोन हाय का?"

चन्नप्पानं भाकरी उलटली. "कोन न्हाय," तो पडद्याआडून म्हणाला.

बाहेर मग पाटावर कुणीतरी बसल्याचा आवाज आला, आणि पितळी डब्याचं झाकण निघालं. पडद्याखालून चन्नप्पानं गरम भाकरी सरकवली. त्याच वाटेनं वांग्याचं कालवण आत आलं.

"अक्का," बाहेर मीनाबाई समोरच्या रिकाम्या पाटाशी बोलायला लागली, "आज तुझ्या धन्याच्या भाकरीला बघ की. नकाशा झालाय निसता. मागल्या टायमाला तू सांगत व्हतीस, लग्नात तो घोड्यावरनं पडला आन् घोडंच रडलं..."

घोडा रडला नव्हता. चन्नप्पा पडला होता हे खरं. पण ही गोष्ट निंगव्वानं अशी सांगितली होती, तर तसंच झालं असेल. तो तव्याकडं बघत ऐकत राहिला. भाकरी जरा करपली.

इतक्यात बाहेरच्या फळीवर ठेवलेला फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"उचला की वो," मीनाबाई म्हणाली.

"मी घरात न्हाय," चन्नप्पा कुजबुजला.

मीनाबाईनं हात पुसले आणि फोन कानाला लावला.

"हॅलो? कोन, गुरु? न्हाय, अन्ना घरात न्हाईत... कुटं गेलेत, मला काय ठावं? पांढरं लागलंय... मी? मी मीनाबाई. मागल्या गल्लीतली." तिनं एक घास तोंडात घातला. "जेवायला बसलेय की."