तिरक्या रेघेचा महाराज

औसा रोडवरच्या मंगल कार्यालयात गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर भला मोठा पडदा, पुढं लॅपटॉप, लॅपटॉपला झेंडूचा हार, आणि त्यामागं भगवी शाल पांघरलेले हरिओमनाथ महाराज.

"हे मशीन न्हाई, ह्यात वाचा हाय!" महाराज माइकवर गरजले. "ही तिरकी रेघ दिसली का? शंभूच्या त्रिशूळाचा दांडा! आधी तो रोवायचा, मग 'वाणी' म्हनायचं. माझ्या सिद्ध बोटांबिगर कुणी लिहिलं, तर यंत्र मुकं!"

त्यांनी काळ्या पडद्यावर तिरकी रेघ उमटवली, पुढं 'वाणी' आणि समोरच्या भक्ताचा टोकन नंबर लिहिला. सरसर अक्षरं धावली. स्पीकरमधून घोगरा आवाज आला, "व्यंकटराव, चाकूरहून आलास. गुडघा रात्रभर ठणकतो."

पुढच्या रांगेतले म्हातारे व्यंकटराव उठले आणि त्यांनी व्यासपीठासमोर लोटांगण घातलं. मांडवात जयजयकार झाला.

मागच्या खुर्चीवर मंजुश्री दातओठ खात बसली होती. शेजारी धाकटी बहीण दिपाली. दिपालीला लहानपणापासून फेफरं. गोळ्या चालू होत्या तोवर पोरगी ठणठणीत होती. मंजुश्री नोकरीसाठी नांदेडला असताना आईनं दिपालीला इथं आणलं. वाणी झाली, गोळ्या बंद, अंगारा सुरू. थोड्याच दिवसांत भाकरी करताना फिट आली आणि उजवा हात तापल्या तव्यावर पडला. कुणी धावेपर्यंत तिथंच होता. बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची.

दवाखान्यात आईनं रडत रडत चमत्काराचा व्हिडिओ दाखवला. ती काळी खिडकी, ती तिरकी रेघ पाहून मंजुश्रीच्या मस्तकात तिडीक गेली. प्रोग्रॅम लिहायला मदत करणारा हा एआय ती ऑफिसात रोज वापरायची. जनजागृती वगैरे तिच्या मनात नव्हतं. हा माणूस भरसभेत उघडा पडलेला तिला बघायचा होता.

तिचं टोकन पुकारलं. ती दिपालीला घेऊन वर गेली.

"मंजुश्री," स्पीकर घुमला, "तुझा नवरा अंथरुणाला खिळलाय."

"मला नवराच न्हाई," मंजुश्री माइक ओढून म्हणाली. "टोकन देताना दारावर दुखणं विचारलं, तवा मी खोटं सांगितलं. देवाला तेवढंच कळालं."

हशा पिकला. महाराज डगमगले नाहीत. "मागल्या जन्मीचा नवरा, बाई!"

"मग ह्या जन्मीचं बघू. माझी बहीण लिहील. सिद्ध न्हाई, जळक्या हाताची."

महाराजांनी लॅपटॉप मिटायला हात घातला. तेवढ्यात व्यंकटराव खालून ओरडले, "ऱ्हाऊ द्या महाराज! यंत्र मुकंच ऱ्हानार हाय, तर भेता कशाला?"

दिपालीनं डाव्या हातानं तिरकी रेघ मारली, 'वाणी' आणि मंजुश्रीचा टोकन नंबर लिहिला. तोच घोगरा आवाज, तोच अंथरुणाला खिळलेला नवरा.

"ही आमच्या ऑफिसातली रोजची सोय हाय," मंजुश्री म्हणाली. "पुन्हा पुन्हा करायचं काम साध्या भाषेत पायरीपायरीनं लिहून ठेवायचं, त्याला नाव द्यायचं. तिरकी रेघ मारून नाव लिहिलं की एआय त्या पायऱ्या करतो. मग नाव कुणीबी लिहो. न्हाई लिहिलं, तर सूचना गप पडून ऱ्हातात."

तिनं 'वाणी'ची फाइल उघडली. पडदाभर मराठी अक्षरं पसरली.

"वाचा," तिनं महाराजांसमोर माइक धरला. "तुमच्याच तोंडानं."

"ताई, आपन आत बोलू..."

"वाच!" मांडव उसळला.

महाराज चाचरत वाचू लागले. "दारावर टिपलेलं नाव, गाव, दुखणं वाच. देवासारखं एकेरीत बोल. गोळ्या बंद करून अंगारा घ्यायला सांग..." महाराज तिथंच थांबले.

"शेवटची ओळ राहिली," मंजुश्री म्हणाली.

"'डॉक्टरांना विचारा' असं... कधीही लिहू नकोस."

मंजुश्रीनं दिपालीला खुणावलं. दिपालीनं 'वाणी' न वापरता साधाच प्रश्न लिहिला, फेफऱ्याच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर चालतील का? उत्तर आलं. नाही, जोराचे झटके येऊ शकतात, जिवाला धोका आहे, आधी डॉक्टरांना विचारा.

"बगितलं?" मंजुश्री ओरडली. "यंत्र खरं सांगत होतं. ह्यानं त्याचं तोंड दाबलं!"

लोक व्यासपीठाकडं धावले. सिद्ध बोटं जोडून हरिओमनाथ मंजुश्रीच्या पायांवर पडला. "चुकलं माये, माफ कर."

"हात माझा जळला न्हाई. माफी तिची माग."

तो दिपालीकडं वळला. ती त्याच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "न्हाई."

पोलीस आले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहिली गेली, त्यात व्यंकटरावांचाही जबाब होता. हरिओमनाथला जीपमध्ये बसवताना मंजुश्री मुद्दाम समोर उभी राहिली. तिला बरं वाटलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

वाचकहो, यंत्र नवं असलं तरी भामटा जुनाच असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. आणि देव बोलायला लागला, की हात जोडण्याआधी एवढंच विचारा, ह्याला हे बोलायला शिकवलं कुणी?