गेटवरचं शून्य

वकीलबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "काका, हे बघा. कंपनीचं सगळं म्हणणं या एका चिठ्ठीवर उभं आहे."

मला बघायची गरज नव्हती. तसल्या चिठ्ठ्या मी अकरा वर्षं फाडल्या. दोन बोटं रुंद, वर तारीख, मग वेळ, मग ड्रायव्हरचा नंबर आणि सगळ्यांत खाली दारूचा आकडा. या चिठ्ठीवर वेळ होती सहा वाजून बारा मिनिटं आणि आकडा होता शून्य.

सात वाजून पाच मिनिटांनी, माल भरून निघालेला त्याच ड्रायव्हरचा ट्रक बसथांब्यावर चढला. थांब्यावर पाच माणसं होती. चौघं उभी होती, ती बाजूला पळाली. माझी बायको बाकावर बसली होती, कारण तिचे गुडघे दुखायचे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती चादरींच्या घड्या घालायची, साडेसातची पाळी. तिला उठायला वेळ लागायचा. घरातसुद्धा टेबलाला धरून उठायची.

नऊ वाजता ड्रायव्हरचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात दारू भरपूर निघाली.

"ड्रायव्हर सुटत नाही, ते नक्की," वकीलबाई म्हणाल्या. "पण दुसरा आरोप कंपनीवर आणि मॅनेजरवर आहे. प्यायलेल्या माणसाच्या हातात ट्रक दिला, हा. तो या चिठ्ठीमुळे गळून पडतो. ते म्हणणार, आम्ही तपासलं, यंत्राने शून्य दाखवलं, गेटबाहेर तो काय प्यायला याला आम्ही काय करणार?"

"म्हणजे पाऊण तासात ढोसली," माझी मुलगी म्हणाली. "ट्रक चालवता चालवता."

"तो म्हणतो, रात्री तीनपर्यंत पीत होतो, नंतर थेंब नाही. मग यंत्रात शून्य कसं आलं, असं विचारलं की खाली बघतो. त्यात त्याचंच नुकसान आहे. कामावर असताना प्यायला असं ठरलं तर शिक्षा वाढेल. तरी बोलत नाही. काय माणूस आहे, कळत नाही."

"खोटारडा आहे," मुलगी म्हणाली.

तो खोटं बोलत नव्हता. तो गप्प का होता, तेही मला माहीत होतं. गेटवरच्या माणसाचं नाव कधीच घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा नियम होता. तो मी घालून दिला होता.

आमची कंपनी मालवाहतुकीची. गावाच्या आमच्या बाजूला तीच एक, आणि तिचे चाळीस ट्रक रोज सकाळी आमच्या घरासमोरच्या रस्त्याने जातात. कामाला जवळ पडेल म्हणून मीच तिथे घर घेतलं होतं. मी गेटवर टाइमकीपर होतो. ड्रायव्हर आला की वेळ लिहायची, चावी द्यायची, गाडी सोडायची. मग एक दिवस ते यंत्र आलं. नळी लावून ड्रायव्हरने फुंकायचं. आकडा आला तर त्या दिवशी काम नाही. तीन वेळा आला तर नोकरी गेली.

यंत्र चांगलं होतं. फार चांगलं होतं, तीच अडचण झाली. आदल्या रात्रीचीसुद्धा पकडायचं. पहिल्याच आठवड्यात एकजण सापडला, त्याच्या घरी बाळ झालं होतं, रात्री भावांबरोबर बसला होता. हात जोडून म्हणाला, "नाना, झोपून उठलोय, आंघोळ करून आलोय, माझं डोकं तुमच्यापेक्षा साफ आहे." मी त्याला पाण्याच्या टाकीपर्यंत चालायला लावलं आणि परत. सरळ चालला. मग मी नवीन नळी काढली, त्याचा नंबर दाबला आणि मीच फुंकलं. मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. शून्य आलं.

तिथून ती रीतच पडली. "नाना, आज जरा फुंकून द्या." मी म्हणायचो, "आधी टाकीला हात लावून ये." पाय वाकडा पडला तर घरी पाठवायचो आणि पोट बिघडलं म्हणून लिहायचो. पाय सरळ पडला तर फुंकून द्यायचो. पोरं थट्टा करायची, नानांची फुप्फुसं कंपनीच्या मालकीची आहेत, विमा उतरवा. मॅनेजरला माहीत होतं का? तो सहा वाजता गेटवर कधी येत नसे, आणि न येण्याचं कारण झोप एवढंच नसावं. ट्रक वेळेवर सुटत होते ना, मग झालं.

अकरा वर्षांत माझ्या गेटमधून सुटलेल्या गाडीला एक अपघात झाला नाही. याचा मला अभिमान होता. मी निवृत्त झालो तेव्हा भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि एक ड्रायव्हर भाषणात म्हणाला, यंत्रापेक्षा नानांची नजर भारी. मी मान डोलावली.

माझ्या जागी आला त्याला सगळे गोगलगाय म्हणतात. हळू बोलतो, हळू चालतो, वही हळू लिहितो. महिनाभर मी त्याला माझ्याशेजारी बसवून शिकवलं. चावीचं शिकवलं, वहीचं शिकवलं आणि हेही शिकवलं.

वकीलबाईंकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला. मुलगी कामाला गेली होती. खुर्चीच्या कडेवर बसला, पाठ टेकवली नाही.

"नाना, कंपनीने मला साक्षीला बोलावलंय."

"मग जा."

"काय सांगू?"

"ते मला काय विचारतोस?"

तो स्वतःच्या चपलांकडे बघत बोलायला लागला. "डोळे लाल होते त्याचे. मी म्हटलं, आज राहू दे. तर म्हणाला, पोट बिघडल्याची ही तिसरी वेळ होईल, नोकरी जाईल. मग मी टाकीपर्यंत पाठवला. नाना, सरळ चालला हो. आईशप्पथ सरळ चालला. तुम्हीच म्हणाला होतात, डोळे बघू नकोस, पाय बघ."

त्याला मारावं असं मला वाटलं. हात उठला नाही. शब्द माझेच होते, त्याने फक्त परत आणून दिले होते.

"थांब्यावर कोण होतं ते मला दुपारी कळलं," तो म्हणाला. "मी जेवत होतो."

"बस आता."

"मी इथे नाव घेऊ नका म्हणायला आलेलो नाही. घरात चार तोंडं आहेत, एवढंच सांगायला... नाही, तेही नाही सांगत. सांगितलं नाही असं समजा." तो उठला. दारात थांबून म्हणाला, "त्यांनी विचारलं तर मी यंत्राने शून्य दाखवलं एवढंच सांगणार आहे, नाना. ते खरंच आहे. पुढचं तुमच्या हातात."

कोर्टात बोलायचं की नाही, याचा विचार करायला मला आठ दिवस मिळाले. मी घरात या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारत होतो. बोललो तर गोगलगाय तुरुंगात जाईल, आणि मीही सुटणार नाही. त्याचं मला फार वाटत नव्हतं. भीती मुलीची होती. आई गेल्यापासून ती त्या ड्रायव्हरच्या रागावर उभी होती. सकाळी उठून कामाला जात होती, डबा करत होती, माझ्या गोळ्या मोजून ठेवत होती, ते सगळं त्या रागाच्या जोरावर. त्याच्या जागी मी दिसलो तर तिला घरात राहवेल का, हे मला कळत नव्हतं. आणि न बोलता त्या घरात मला राहवेल का, हेही.

साक्षीच्या दिवशी सकाळी तिने माझ्या शर्टाला इस्त्री केली. म्हणाली, "बाबा, विचारतील तेवढंच बोला. आई किती वाजता निघाली, थांब्यावर कशी जायची, बस. पाल्हाळ लावू नका."

"मला तुला एक सांगायचंय."

"आल्यावर सांगा. उशीर होतोय." तिने शर्ट माझ्या हातात दिला. "कॉलर अजून गरम आहे, थांबा जरा."

मी थांबलो. तेवढ्या वेळात बोलता आलं असतं. नाही बोललो.

कोर्टाची खोली लहान होती आणि पंखा आवाज करत होता. ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. वाळला होता. गोगलगाय मागच्या बाकावर मॅनेजरच्या शेजारी बसला होता. वकीलबाईंनी विचारलं तेवढं मी सांगितलं. ती सात वाजायला दहा कमी असताना निघाली. बाकावर बसायची. गुडघे दुखायचे.

मग कंपनीचे वकील उठले. त्यांचा आवाज फार गोड होता.

"तुम्ही तर आमच्या घरचेच, नाना. तुमच्या दुःखात कंपनी तुमच्याबरोबर आहे. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. हे यंत्र अकरा वर्षं तुम्ही चालवलं?"

"हो."

"ते कधी चुकीचा आकडा दाखवायचं का?"

"नाही. यंत्र बरोबर आहे."

"म्हणजे चिठ्ठीवर शून्य आलं, तर फुंकणाऱ्याच्या पोटात दारू नव्हती. बरोबर?"

"फुंकणाऱ्याच्या पोटात नव्हती," मी म्हणालो. "पण फुंकणारा ड्रायव्हरच असेल असं नाही."

ते हसले, म्हणजे नुसते दात दिसले. "नाही, मी विचारलं तेवढंच सांगा."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "थांबा. काय म्हणालात ते नीट सांगा."

मी सांगितलं. पाण्याची टाकी सांगितली, नळी सांगितली, पोट बिघडल्याच्या खोट्या नोंदी सांगितल्या. वहीतली पानं वाचून दाखवावीत तसं मी बोलत होतो. मागे मुलगी बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"त्या दिवशी तुम्ही गेटवर होता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली."

"मग त्या दिवशी कोणी फुंकलं?"

पंखा फिरत होता. ड्रायव्हरने पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडे बघून अगदी थोडी हलवली. नको, असं. मला त्याची चीड आली. माझ्या बायकोला मारलं आणि माझाच नियम मला शिकवत होता.

"गेटवर जो होता त्याने," मी म्हणालो. "त्याने मला स्वतः सांगितलं. तो मागे बसलाय. ही रीत त्याला मी शिकवली. त्याने मी सांगितलं तसंच केलं."

मॅनेजर उठून बाहेर जायला लागला, त्याला शिपायाने बसवलं. गोगलगाईला पुढे बोलावलं. तो नेहमीसारखा हळू चालत आला आणि दोन वाक्यांत सगळं कबूल करून मोकळा झाला. त्याला रडू येत होतं.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई म्हणाल्या, "काका, हे मला आधी सांगायला हवं होतं. कंपनीवरचा आरोप आता टिकेल. पण पोलीस तुमचाही जबाब घेणार, आणि तो साक्षीदार म्हणून असेल की आरोपी म्हणून, ते मी आज सांगू शकत नाही."

"चालेल."

"चालेल काय, काका. तुमचं वय बघा." त्या फाईल घेऊन आत गेल्या.

मुलगी बाकावर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी शेजारी बसलो. मध्ये एका माणसाची जागा सोडली.

"आईला माहीत होतं?" तिने विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. विचारायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"होतं. एकदा माझ्या खिशात नळ्या सापडल्या, तेव्हा सांगितलं."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, एखाद्या दिवशी तुमची नजर चुकली तर? मी म्हटलं, चुकत नाही. पुन्हा तिने विषय काढला नाही."

"पुन्हा काढला नाही, की तुम्ही काढू दिला नाही?"

मी आठवून बघितलं. "काढू दिला नाही."

ती रडली नाही. व्हरांड्याच्या टोकाला एक बाई फरशी पुसत होती, तिच्या बादलीकडे बघत राहिली. थोड्या वेळाने शिपाई आला आणि मला शेजारच्या खोलीत घेऊन गेला.

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कागदांचे गठ्ठे. जबाब लिहून घेणारा हवालदार माझ्याच वयाचा होता. चांगला माणूस होता. मी बोलत गेलो, तो लिहीत गेला, मध्येच पेन झटकत. एका ठिकाणी थांबला.

"बाबा, इथे असं लिहितो. 'मी कधीमधी ड्रायव्हरच्या जागी फुंकत असे.' ठीक आहे?"

"कधीमधी नाही."

"अहो, कधीमधी लिहिलं तर तुम्हालाच बरं पडेल. माझं काही जात नाही."

दार उघडंच होतं. मुलगी बाकावरून उठून चौकटीशी येऊन उभी होती. घरी जायला निघाली होती की ऐकायला आली होती, ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"जवळजवळ रोज," मी म्हणालो. "तसंच लिहा."

त्याने आधीचा शब्द खोडला, वर नवीन लिहिला आणि खोडल्या जागी माझी सही घेतली. मग पान उलटून विचारलं, "पुढे?"

मी पुढचं सांगायला लागलो.