चोवीस स्वेटर

एकतीस वर्षांच्या नोकरीत आपल्या पोस्टातून एकही पार्सल पत्त्याअभावी परत गेलं नाही, याचा निवृत्त पोस्टमास्तरांना जरा जास्तच अभिमान होता. त्यामुळे बुधवारी सकाळी ‘पत्ता अपुरा असल्याने आपले पार्सल अडकले आहे, सोबतची फाइल उघडावी’ असा मेल आला, तेव्हा माणूस पेटलाच. पत्ता अपुरा? आणि तोही आपला? चहा अर्धा टाकून त्यांनी फाइल उघडली. पार्सलबिर्सल काही निघालं नाही. पाच मिनिटांत कॉम्प्युटरवरची एकूण एक फाइल बंद, आणि पडद्यावर लाल चौकट: सगळ्याला कुलूप घातलंय, किल्ली हवी तर तीन दिवसांत पैसे भरा.

फायली त्यांच्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. त्या बायकोच्या होत्या. बारा वर्षं खपून तिनं स्वेटरचे चोवीस नमुने रचले होते, ओळ न् ओळ, टाका न् टाका लिहून. त्यांचं पुस्तक निघणार होतं. मुखपृष्ठ छापूनसुद्धा झालं होतं, ‘चोवीस स्वेटर’. मजकूर द्यायला उरले होते अकरा दिवस. जुन्या वह्या होत्या, पण आता कॉम्प्युटर आहे ना, म्हणून पोस्टमास्तरांनीच त्या रद्दीत घातल्या होत्या.

बायकोची भाची एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळायची. फोन करताच ती धावत आली.

“घाबरायचं काही नाही,” पोस्टमास्तर तिला म्हणाले. “सगळ्याची दुसरी प्रत या डिस्कवर आहे.”

“डिस्क जोडलेलीच असते का?”

“कायम. काढली की लावायला विसरतो माणूस. दोन वर्षांत हलवली नाही मी ती.”

भाचीनं कपाळावर हात मारला. “काका, घराची किल्ली आणि तिची जोडकिल्ली एकाच जुडग्यात ठेवलीत तुम्ही. जिथवर वायर जाते तिथवर व्हायरस जातो. डिस्कलाही कुलूप लागलंय.”

पैसे भरून टाकू म्हणावं, तर पैसे घेऊन ते किल्ली देतीलच याचा भरवसा काय, असं म्हणून तिनं तीही वाट बंद केली. बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. 

“मावशी, नीट आठव,” भाची म्हणाली. “या कॉम्प्युटरला कधीच न जोडलेली एखादी प्रत? कुठंही?”

मावशी तिच्याकडे बघत राहिली. बँकेतली मशिनची खोली गारठलेली, म्हणून भाची ऐन उन्हाळ्यातही तिथं स्वेटर घालून बसायची, आणि आज तशीच उठून आली होती.

“सातवा नमुना,” मावशी म्हणाली. “काढू नकोस. पाठ कर इकडे.”

आणि तिनं भाचीच्या पाठीवर बोट ठेवून टाके मोजायला सुरुवात केली.

मग काय विचारता. चोवीस स्वेटर नात्यागोत्यात वाटलेले. पोस्टमास्तरांनी एकेकाला फोन केला आणि आपला गाढवपणा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितला. शनिवारी भर दुपारी, पंखे गरगरत असताना, बैठकीच्या खोलीत लोकरीत घामाघूम झालेली माणसं ओळीनं उभी होती. “दोन सुलट, एक उलट, भाऊजी, श्वास जरा हळू घ्या.” व्याह्यांना हसू आवरेना, त्यांच्या पोटावरचे टाके वरखाली व्हायचे, ते तीनदा मोजावे लागले. धाकट्या दिरानं स्वेटर गरम पाण्यात धुवून एवढासा केला होता. तो आता त्याच्या कुत्रीच्या अंगात होता, टाके आवळलेले पण अजून वेगळे दिसणारे, आणि बोट लावलं की ती गुदगुल्यांनी लोळण घ्यायची. “मी तर रोज घालते, आई,” म्हणणाऱ्या सुनेच्या गळपट्टीतला कच्चा दोरासुद्धा अजून निघाला नव्हता. जितका न वापरलेला, तितका वाचायला सोपा, हे हळूहळू सगळ्यांच्याच ध्यानात आलं. एकमेकांची चोरी पकडता पकडता मंडळींची हसून पुरेवाट झाली. बायकोही हसली. नवऱ्याकडे न बघता, पण हसली.

भाची कोपऱ्यात बसून स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून घेत होती. नमुना झाला की नव्या डिस्कवर प्रत, प्रत झाली की वायर उपटायची आणि डिस्क पर्समध्ये.

दहाव्या दिवशी तेवीस नमुने झाले.

“पहिला राहिला,” बायको म्हणाली. दहा दिवसांत नवऱ्याला उद्देशून तिचं हे पहिलंच वाक्य. “तुमचा. ऑफिसात नेलात, तो घरात परत दिसलाच नाही. खुर्चीवर पडून पडून कोरा राहिला असेल. आणा तो.”

पोस्टमास्तरांची पाचावर धारण बसली. कपाटाच्या तळातून, जुन्या चादरीत गुंडाळलेला स्वेटर त्यांनी काढून आणला. दहा हिवाळे, रोज, पोस्टातल्या वारं शिरणाऱ्या खिडकीपाशी तो त्यांच्या अंगात होता. लोकर चेपून सपाट झाली होती, गळा पार गेला होता, आणि कोपरं पार्सल शिवायच्या दोऱ्यानं त्यांनी स्वतःच शिवली होती.

“वाट लावली मी त्याची,” ते म्हणाले. “तुला दाखवायची हिंमत झाली नाही. टाकवतही नव्हता.”

बायकोनं तो खिडकीशी नेला, भिंग लावलं, बोटं फिरवली. एक टाका वेगळा लागेना. कोपरावरच्या पार्सलच्या दोऱ्याशी तिचं बोट थांबलं.

“आठवून नवा विणलास तर?” भाचीनं हळूच विचारलं.

“बारा वर्षांपूर्वीचा तो हात आता नाही राहिला.”

तिनं प्रकाशकबाईंना फोन लावला. “तेवीसच पाठवतेय.”

“अहो, पण मुखपृष्ठावर चोवीस छापलंय,” पलीकडून आवाज आला. “एक हरवला का?”

“नाही हो,” बायको म्हणाली. फोन कानाशी खांद्यानं दाबून धरत तिनं रणरणत्या दुपारी तो स्वेटर नवऱ्याच्या डोक्यातून घातला आणि एकेक बाही खाली ओढली. “तो वापरात आहे.”