आम्ही की आपण

आमच्या घरात आठवडाभर टोलवाटोलवी चालली होती. बायको म्हणायची, "तुम्ही सांगा, मग मी ठरवते." मी म्हणायचो, "तू ठरव, मग मी सांगतो." दोघंही शहाणे, त्यामुळे गाडं तसूभर पुढे सरकत नव्हतं.

बायको कृत्रिम पाय बनवते. बनवायची, असं म्हणायला हवं. मुलगी शाळेत होती तेव्हा ही सहा वर्षं परदेशातल्या एका वर्कशॉपमध्ये होती. उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून पायाची खोळ घडवायची, मग माणसाला चालायला लावून जिथे टोचेल तिथे कानशीने घासायचं, सगळं स्वतःच्या हाताने. मी इथे मुलगी, माझी आजारी आई आणि ड्रायव्हिंग स्कूल सांभाळलं. परत आल्यावर तिला हॉस्पिटलात नोकरी मिळाली, पण तिथे पाय तयारच येतात. ही फक्त स्क्रू आवळते. घरी आली की हात शिवशिवतात, मग माझ्या चपलांचे तळ घासत बसते.

आता परदेशातल्या त्या वर्कशॉपच्या थोरल्या बाईंनी तिला परत बोलावलं होतं. दोन वर्षं या, नव्या मुलींना शिकवा. अठ्ठावन्नाव्या वर्षी! मुलगी तर फोनवर ओरडलीच, "आई, जाच तू! आणि बाबा, तुम्ही मध्ये पडू नका हं!"

मध्ये पडतोय कोण? मी गाडी शिकवणारा माणूस. जन्मभर शेजारच्या सीटवर बसून लोकांना "चला, घ्या पुढे" म्हणत आलोय, आणि पाय मात्र माझ्या बाजूच्या ब्रेकवर.

खरं सांगू? ती गेली तर मी एकटा पडणार. माझ्यासाठी राहिली तर ते रोज तिच्या तोंडावर वाचत बसावं लागणार. दोन्ही नको होतं आणि तिसरं काही सुचत नव्हतं.

रविवारी सकाळी थोरल्या बाईंचा फोन आला. त्यांची भाषा मला येत नाही, पण बायकोच्या तोंडून ऐकून दोन-चार शब्द कानात बसलेत. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो, कान आत. ती एकच शब्द सारखा म्हणत होती. पुढचं काही कळत नव्हतं, पण तो शब्द ओळखीचा होता. आपण. आपण अमुक, आपण तमुक.

झालं! डोक्यात तिडीक गेली. म्हणजे बाईंनी आणि हिने मिळून ठरवूनही टाकलं. आम्ही कोण? आम्ही चिमटे लावणारे. मी टॉवेल असा झटकला, की शेजारच्यांच्या काचेवर शिंतोडे उडाले.

फोन ठेवून ती बाहेर आली. "त्या टॉवेलनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"काही नाही. तुमचं 'आपण' ठरलं ना? मग मला कशाला विचारतेस?"

"कुठलं आपण?"

मी तो परदेशी शब्द म्हणून दाखवला. उच्चार भयंकर असणार, कारण ती खो खो हसली.

"अहो, त्यांच्याकडे आम्ही आणि आपण असं वेगळं नसतं. दोन्हीला एकच शब्द."

"मग?"

"मग काय? मी 'आम्ही' म्हणत होते. आम्ही दोघं आलो तर कसं, असं विचारत होते."

थंडीत इंजिन पटकन सुरू होत नाही, तसं माझं झालं. आम्ही. म्हणजे बाईंना वगळून. मग राहिलं कोण?

"मला न विचारता?" आवाज चढवायचा होता, पण चढेना.

"आठवडाभर दुसरं काय करतेय? 'तुम्ही सांगा' म्हणजे काय असतं? तुमचं आपलं 'तू ठरव, तू ठरव'. मला वाटलं, तुम्हाला यायचंच नाहीये."

"पण मी तिथे करू काय? त्रेसष्टाव्या वर्षी? ना भाषा येते, ना कुणी गाडीला हात लावू देईल. तुझ्यामागे नुसतं शेपूट."

तिने मी लावलेला टॉवेल काढला आणि पुन्हा तिच्या पद्धतीने वाळत घातला. जित्याची खोड.

"तुम्ही काय कराल ते मला नाही माहीत," ती म्हणाली. "सहा वर्षं रोज संध्याकाळी मी कुलूप काढून अंधाऱ्या खोलीत शिरायचे आणि भिंतीवर बटण चाचपायचे. काम मला अजून झेपेल हो. ते नाही पुन्हा झेपणार."

इतक्या वर्षांत हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. फोनवर नेहमी "मजेत आहे" म्हणायची. मला रडू आलं, चांगलं घळाघळा. हाताशी तिचाच टॉवेल होता, त्याला डोळे पुसले.

"फोन लाव बाईंना," मी म्हणालो.

"आत्ता? काय सांगू?"

"सांग, रस्त्याच्या बाजूला खिडकी असलेली जागा बघा. तू कोपऱ्यावर वळलीस की दिवा दिसला पाहिजे."