दोन्ही बाजूंनी रंगवलेला फलक

मित्रांनो, घडी घालून ठेवलेल्या कापडाला बोलायला कोणी सांगत नाही. तरीही मी आज बोलणार आहे, कारण निमूटपणे सोसलेले आता घडीत मावेनासे झाले आहे. मी फुटबॉलच्या मैदानावर मिरवलेला एक जुना कापडी फलक आहे. तुम्ही मला बॅनर म्हणाल. माझ्या एका बाजूवर स्तुती आहे आणि दुसऱ्या बाजूवर निंदा. दोन्ही एकाच माणसाविषयी लिहिलेल्या आहेत, आणि दोन्ही एकाच हाताने. मला तोंडे दोन, पण जीभ एकही नाही, हे माझे दुर्दैव.

मूळचा मी मांजरपाट. शिंपीणकाकूंच्या दुकानात ताग्यात गुंडाळलेला होतो आणि उशांच्या खोळी होण्यापलीकडे माझी काही आकांक्षा नव्हती. काकूंनी मला मापून फाडले, चारी कडा दुमडून दुहेरी शिवण घातली, दोन्ही टोकांना काठ्या सरकवता याव्यात म्हणून नेफे केले. वारा भरून मी शिडासारखा फुगू नये यासाठी त्यांनी माझ्या अंगात अर्धचंद्राकार चिराही दिल्या. मग पेंटरने मला भिंतीवर ताणले, रंग धाग्यांत मुरू नये म्हणून सरसाचे अस्तर दिले आणि सावकाश, भक्तिभावाने एक भलेमोठे पितळी कुलूप रंगवले. त्याखाली अक्षरे आली: ‘दाराला कुलूप आहे!’ ती अक्षरे वाळताच मला दृष्टी लाभली असे मी मानतो. माझी पाठ मात्र कोरी होती. तिकडचे मला काही दिसत नसे.

हे कुलूप म्हणजे आमच्या संघाचा नवा बचावपटू. त्याचे पाळण्यातले नाव काहीही असो, प्रेक्षकांनी त्याला हेच नाव दिले होते. उंच, अबोल आणि थोडा बेढब असा तो गडी गोलापुढे उभा राहिला की समोरच्या आक्रमकांचा नूर पालटे. पहिल्या वर्षी तर त्याने अशी कामगिरी केली की तिचे स्मरण होताच आजही माझा धागान्‌धागा ताठ होतो. गोलरक्षक आडवा पडलेला, जाळे उघडे, चेंडू रेषेवर पोहोचलेला, आणि कोठून तरी येऊन याने तो डोक्याने परत पाठवलेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

परंतु, मित्रांनो, येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ते मी पाहिले. मला धरणाऱ्यांनी नाही.

आनंदाचा प्रसंग आला की माझे मालक मला उंच उभारत. एका काठीला पेंटर, दुसऱ्या काठीला औषधांच्या दुकानातला कंपाउंडर, मधोमध दोन्ही हात वर करून बसचालक, आणि वाऱ्याने उडणारी माझी खालची कड ओढून धरणाऱ्या काकू. बसचालक जन्मात कधी फुटबॉल खेळला नव्हता. तरी घोषणा तोच देई म्हणून सर्व त्याला कप्तान म्हणत. मी उभारला गेलो की या चौघांपुढे मैदान उरत नसे, उरे ती केवळ माझी कोरी पाठ. मागच्या रांगेतले लोकही ओरडत, “खाली घ्या रे ती चादर! आम्ही काय वाळत घातलेले कपडे बघायला आलोय?” कप्तान मागे वळून म्हणे, “प्रेम करायला शिका जरा!” आणि मला आणखी वर ढकले.

दुसऱ्या वर्षी कुलूप पूर्वीसारखे राहिले नाही, हे मी लपवणार नाही. त्याचा गुडघा धरू लागला होता आणि वळायला त्याला उशीर होई. एकदा त्याने चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्याच्याच पायात दिला. एकदा पंचाशी नसता वाद घालून तो बाहेर गेला आणि संघ अपुरा पडला. त्याच वर्षी डावा बचावपटू गोल करण्याच्या हौसेने सारखा पुढे पळे आणि परतीची वाट विसरे. त्याचे दार राखण्याचे कामही कुलुपाच्याच गळ्यात येई. दोष त्याचे होते, आणि दुसऱ्यांचेही त्याच्या खात्यावर चढत होते.

मग तो अखेरचा सामना आला. जिंकलो तर वरच्या गटात जाणार, अशी वेळ होती. आमचा एक गोल झालेला होता, खेळ संपत आला होता. तेवढ्यात कप्तानाला राहवेना. “काढा रे बॅनर! झालंच आता!” असे म्हणत त्याने मला उभारायला लावले.

आणि मी पाहिले. डावा बचावपटू पलीकडच्या टोकाला चेंडू गमावून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या रिकाम्या बाजूने प्रतिस्पर्धी धावत आला. कुलुपाने क्षणभर डाव्या गड्याची वाट पाहिली, मग आपला माणूस सोडून तो तिकडे धावला आणि त्याने अंग झोकून दिले. सखल आलेला चेंडू त्याच्या गुडघ्यावर आदळून आमच्याच जाळ्यात गेला.

मला ओरडायचे होते: खाली घ्या मला, पाहा, नीट पाहा! परंतु माझ्या मागे केवळ हात होते. त्या हातांना प्रथम आरोळी ऐकू आली, नंतर ध्वनिक्षेपकावरचा आवाज: स्वतःच्याच जाळ्यात गोल, कुलुपाचा. हात एकाएकी सुटले. मी पायऱ्यांवर कोसळलो आणि जे पाय माझ्यामागे नाचत असत तेच माझ्यावरून चालत गेले.

सामना बरोबरीत सुटला, वरचा गट हुकला. दुसऱ्याच दिवशी कप्तानाने मला पेंटरकडे नेले. पेंटरही धुमसत होता. त्याने मला पालथे टाकले आणि पाठीवर अस्तरसुद्धा न देता काळ्या ऑइलपेंटने लिहिले: ‘कुलुपा, किल्ली कोणाला दिलीस?’ रागाला अस्तर कुठले! रंग थेट धाग्यांत मुरला. त्या अक्षरांनी मला मागचेही दिसू लागले, आणि मला प्रथम दिसले ते माझ्या माणसांचे समाधानी चेहरे.

हा आरोप केवढा होता, पाहा. खेळात चूक झाली असे नव्हे, तर त्याने संघाशी दगा केला, असा. उरलेल्या एका मैत्रीच्या सामन्यात मला तसेच फडकवले. तो माणूस मैदानाच्या त्या टोकाला आलाच नाही. उन्हाळ्यात तो दुसऱ्या संघाकडे गेला. त्याला निरोप द्यायला कोणी गेले नाही.

पुढच्या वर्षी आमच्या बचावाची चाळणी झाली. मी काकूंच्या माळ्यावर पडून खालची बोलणी ऐकत असे. आधी कोणी त्याचे नाव काढत नव्हते. मग कोणी तरी म्हणाले, “कुलूप असतं तर हा गोल झाला नसता.” पुढे पुढे तर जो तो तेच म्हणू लागला, आणि लगेच पुस्तीही जोडू लागला, “पण दगाबाज होता.” माझी चडफड कोणाला कळणार!

अशातच वार्ता आली की कुलूप आपल्या नव्या संघासह आमच्याच मैदानावर खेळायला येत आहे. चौघे काकूंच्या दुकानात जमले, मला खाली उतरवून कापण्याच्या मेजावर पसरले, आणि प्रश्न पडला: कोणती बाजू दाखवायची?

“काळी,” कप्तान म्हणाला. “घाम फुटला पाहिजे त्याला.”

“आणि रेषेवरून काढलेला तो बॉल?” काकूंनी विचारले.

“काकू, तो एक बॉल तुम्ही इतके दिवस पुरवून पुरवून खाताय!”

“आपल्या आत्ताच्या गड्याला बघ की,” पेंटर म्हणाला. “बॉल आला की बाजूला सरकून वाट देतो, घरी पाहुणे आल्यासारखा.”

कंपाउंडर विचारात पडला होता. “पण मला सांगा, त्या दिवशी बॉल डावीकडूनच आला ना?”

“उजवीकडून!” कप्तान म्हणाला.

“डावीकडून. मला आवाज डावीकडून आला.”

“आवाज? अरे, तू गोल बघितलास की ऐकलास?”

“मी कसा बघणार? मी काठी धरून उभा होतो.”

“दुसरी काठी माझ्याकडे होती,” पेंटर हळूच म्हणाला.

काकू म्हणाल्या, “मी खाली वाकून कड धरली होती. मला तुमच्या चपला दिसत होत्या.”

सर्वांनी कप्तानाकडे पाहिले.

“माझ्याकडे काय बघताय? मी मधोमध होतो. नाकासमोर हेच फडकं!”

“म्हणजे आपल्यापैकी कुणीच…”

“न बघता कळत नाही का?” कप्तान उसळला. “इतकी वर्षं बस चालवतोय. मागं वळून न बघता सांगतो, विनातिकीट कोण बसलंय!”

“सांगतोस खरा,” काकू म्हणाल्या. “माझ्या बहिणीला तसंच भर रस्त्यात उतरवलं होतंस. पास होता तिच्याकडे.”

कंपाउंडर हसला, कप्तान हसला नाही. तो मेजावर बोटे वाजवत राहिला. शेवटी पेंटरने तोड काढली. “उभारायचंच नाही याला. खाली कठड्याला बांधू, म्हणजे सगळ्यांना खेळ दिसेल. कुलूप मैदानाकडे, आणि काळी बाजू आपल्याकडे. लिहिलंय आपण, तर वाचूही आपणच.”

कप्तान कुरकुरला, परंतु काळी बाजू निदान कोणाला तरी दिसणार, एवढ्या समाधानावर तो कबूल झाला.

सामन्याच्या दिवशी माझे मालक प्रथमच माझ्या वरून मैदान पाहत होते. पुढे पाहावे तर खेळ, नजर खाली जावी तर स्वतःचीच अक्षरे. कुलूप आजही तसेच होते, धड चांगले नाही, धड वाईट नाही. आरंभीच त्याचा पाय घसरला आणि आम्हाला गोल मिळाला. कप्तान नाचला. “बघा, बघा, हेच म्हणत होतो!” नंतर पाहुण्यांनी दोन गोल केले. अगदी अखेरीस आमच्या गड्याने मारलेला चेंडू जाळ्यात शिरणार, इतक्यात ते बेढब धूड रेषेवर उभे ठाकले आणि डोक्याने चेंडू बाहेर गेला. आम्ही हरलो. चौघांनी ते डोळे उघडे ठेवून, अखंड पाहिले. कप्तानाने कपाळावर हात मारून घेतला.

आणि मग सर्वांच्या ध्यानात आली ती चूक. पाहुण्या संघाची बाहेर जाण्याची वाट कठड्याच्या आतून, पहिल्या पायरीला लागून होती, म्हणजे नेमकी माझ्या पाठीमागून. आपला संघ दुसऱ्या दाराने जातो म्हणून या वाटेचा विचारच कोणी केला नव्हता. मला सोडवायला वेळ नव्हता. गाठी पक्क्या बसल्या होत्या.

कुलूप लंगडत येताना दिसताच कप्तान धावला आणि माझ्यापुढे हात पसरून उभा राहिला. त्याचा घामेजलेला सदरा माझ्या अक्षरांना चिकटला. परंतु मी लांब होतो आणि तो एकटा.

“काका, सरका जरा.”

“तुझ्यासाठी नाहीये ते.”

“माझंच नाव दिसतंय की पहिलं.”

कप्तानाचे हात खाली आले. तो बाजूला झाला. कुलुपाने पहिल्या अक्षरापासून अखेरपर्यंत वाचले. मला वाटले, मी आताच्या आता उसवून जावे.

“डावीकडचा परत येईल असं वाटलं मला,” तो म्हणाला. “तिथं थांबलो, ते चुकलं. गुडघा माझाच होता. पण किल्लीबिल्ली काही नव्हती, काका.”

कप्तानाचे ओठ हलले. क्षमेचा शब्द अगदी ओठांवर आला होता. मी तो पाहिला. पण बाहेर पडले ते निराळेच. “आत्ताचा तो हेडर… आमच्याकडे असताना असा का नाही रे मारलास?”

“मारले होते. तुम्ही या कापडाच्या मागे होता.”

तो रागावला नाही, हसलाही नाही. पाय ओढत तो बसकडे गेला.

मित्रांनो, त्यानंतर मला दुकानात आणून काकूंनी रॉकेलच्या बोळ्याने माझी पाठ घासली. हात काळे झाले, अक्षरे तशीच राहिली. पेंटर म्हणाला की वर पांढरा हात देता येईल. पण मग कापड ताठ होऊन घडीवर तडकेल, आणि कालांतराने खालचे काळे पुन्हा डोकावेल. तेव्हा काकूंनी मला अक्षरे आत घेऊन दुमडले.

माझी एवढीच विनंती आहे. कापड जपायचे तर त्याची घडी अधूनमधून बदला, एकाच रेषेवर ते विरते. कसर लागू देऊ नका. आणि माणूस जपायचा तर त्याच्याविषयी काही लिहिण्याआधी आपण कोठे उभे होतो हे स्वतःला विचारा. स्तुतीसाठी उभारलेले कापडही डोळ्यांआड येते. मनात राग असेल त्या दिवशी कुंचला डब्यात बुडवू नका; चूक खेळाडूची असेल तर ती पुढच्या सामन्यात भरून निघू शकते, परंतु अस्तराविना मुरलेला रंग निघत नाही.

कप्तान अजून दुकानात येतो. सदऱ्याची गुंडी लावून घ्यायची आहे, असे काही तरी कारण सांगतो. निघताना माळ्याकडे पाहून विचारतो, “निघालं का काही?”

काकू मशीन थांबवत नाहीत. “नाही रे,” म्हणतात.