चहाडखोराचं टेबल

खाणीवरच्या माणसाचे दहा गुन्हे पोटात घालतात, अकरावा घालत नाहीत. सोबत्याची चहाडी साहेबाकडे करायची नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या त्या लाल मातीत हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण मोडलेलाही कुणी पाहिला नव्हता. म्हाताऱ्या नेव्हिल टकवेलनं मोडला, आणि चहाडी केली ती लॉयडची.

लॉयड पॉटर तेव्हा घराएवढा ट्रक हाकायचा. सकाळी फाटकावर नळीत फुंकर मारायला लावून दारू तपासत, म्हणून गडी दारू बेतानं घ्यायचा आणि बारा तास डोळे उघडे राहावेत म्हणून 'आइस' नावाची नशेची पूड ओढायचा. ते फुंकरीत थोडंच सापडतं! लघवीच्या तपासणीला चिठ्ठ्या टाकून माणसं निवडत. त्याची चिठ्ठी कधी निघाली नाही. दात हलायला लागले, छाती धडधडायची, घरी गेला की लेक मायरा खोलीचं दार लावून घ्यायची. तरी हा स्वतःला मोठा हुशार समजत होता.

मग एका दुपारी नेव्हिल साहेबाला एवढंच म्हणाला, "लॉयडला तपासा." लघवीत नशा सापडली, आणि संध्याकाळच्या विमानानं लॉयडची घरी रवानगी झाली. जाताना त्यानं म्हाताऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि दोघांच्या कामाच्या टोळीनं नेव्हिलला वाळीत टाकलं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. लॉयडची जिवंतपणी गेली, पण सोलून काढून गेली. व्यसनमुक्तीच्या घरात पाच महिने, मग घसरला, मग पुन्हा पाच. डॉक्टर म्हणाला, तुझं हृदय सत्तरीचं झालंय. लॉयड एकेचाळीसचा होता. सव्वा वर्षानं खाणीनं त्याला परत घेतलं ते ट्रक धुवायला, आणि आता जरा काही निघालं तर कायमचा घरी, असं बजावून.

पहिल्या दिवशी जेवणघरात टोळीतल्या ब्रॉन्विननं त्याला हाक मारली. मधली खुर्ची त्याच्यासाठी राखली होती. चहाच्या पिंपाजवळ नेव्हिल एकटाच वाटाणे चिवडत होता. लॉयड ताट घेऊन सरळ त्याच्यासमोर जाऊन बसला.

"तुझे आभार मानायचे होते," लॉयड म्हणाला. "मायरा आता दार उघडं ठेवते."

नेव्हिलनं चमचा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "तुझं नाव सांगितलं त्या सकाळी मी लहान गाडीत होतो, तुझ्या ट्रकच्या पुढ्यात. ट्रकवाल्याला दिसावं म्हणून गाडीवर काठीला निशाण असतं ना, ते तुझ्या चाकानं मोडलं; हातभर आणखी, तर मी चिरडलो असतो. तू तसाच निघून गेलास."

लॉयडला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. हे साहेबाला कळतं तर कुठल्याच खाणीनं त्याला दारात उभं केलं नसतं. टोळीला कळतं तर म्हातारा एक दिवसही एकटा जेवला नसता.

"बोलला का नाहीस?"

"तुला थांबवायचं होतं. बुडवायचं नव्हतं. खा, गार होतंय."

लॉयडनं ताट बाजूला सारलं. हे बोललं तर ट्रक धुण्याचं कामही जाईल, हे त्याला कळत होतं. तरी तो उठला, टोळीकडे वळला आणि निशाणाची गोष्ट त्यानं सगळ्यांना खणखणीत आवाजात सांगितली. या माणसानं माझा जीव वाचवला आणि माझ्या शिव्या खाल्ल्या, म्हणाला.

मग ब्रॉन्विन ताट घेऊन आली आणि नेव्हिलच्या शेजारी बसली.

सव्वा वर्षात म्हाताऱ्यानं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. घसा खाकरून तो तिला म्हणाला, "मीठ दे जरा."